‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं पुस्तकांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, ते गेल्यापासून मी बघतो. दर्शनी भागात शाळेची पुस्तकं, वह्या, गाइड, स्पर्धा परीक्षांचा माल. आतली एक भिंत अवांतर पुस्तकांची. वडील दुपारी गल्ल्यावर बसून वाचायचे आणि आलेल्या माणसाला त्याच्या मनाजोगतं पुस्तक बरोबर काढून द्यायचे. मला ते जमत नाही. कॉलेजात असताना मी पुष्कळ वाचायचो. दुकानात बसायला लागलो आणि वाचन सुटलं. रात्री घरी गेल्यावर पुस्तक हातात घ्यावंसंच वाटत नाही.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले. ‘तुमचं स्वतःचं आवडतं पुस्तक कोणतं?’ म्हणाले. तोंडाला आलं ते बोललो, ‘ययाति’. खरं तर सुरुवातीच्या पानांपलीकडे मी ती वाचलेली नाही. सरांनी ती नेली, पूर्ण वाचली आणि मुद्दाम गप्पा मारायला आले. ‘कचाबद्दल तुमचं काय मत?’ असं विचारलं. मी विषय बदलला. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. आता ते दुकानावरून गेले की मला मान वर करवत नाही. घरचे म्हणतात, ती भिंत काढ आणि तिथे झेरॉक्सचं मशीन लाव. पुस्तकं विकणाऱ्याने वाचायचं कसं, किती? आणि आवडतं पुस्तक विचारलं की काय सांगायचं?

– एक पुस्तकविक्रेता (नाव छापू नये ही विनंती)

---

नमस्कार.

मीही तुमच्यासारखीच पुस्तकं विकते, पुण्यात माझं दुकान आहे. वाचन सुटलं ही तुमची एक तक्रार आणि सरांशी खोटं बोललो ही दुसरी. तुम्ही त्या वेगवेगळ्या मांडल्या आहेत. मला त्या एकाच दुखण्याच्या दोन बाजू वाटतात, म्हणून उत्तर एकत्रच देते.

जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक 1934 ते 1936 या काळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानात अर्धवेळ काम करत होता. त्या दिवसांवर त्याने 1936 साली एक लेख लिहिला. पुस्तकांच्या धंद्यात जन्मभर राहावंसं का वाटत नाही, याचं कारण त्याने अगदी सरळ सांगितलं आहे: तिथे असताना त्याचं पुस्तकांवरचं प्रेमच उडालं. विकणाऱ्याला पुस्तकांबद्दल खोटं बोलावं लागतं, त्यातून पुस्तकांचाच कंटाळा येतो, आणि वर ती सारखी झटकायची, इकडची तिकडे उचलायची. तुमचं पत्र वाचताना मला हाच लेख आठवला. झटकण्या-उचलण्याला इलाज नाही. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या दुकानात धूळ किती बसते ते मी सांगायला नको. खोटं बोलणं मात्र टाळता येतं. न वाचलेलं पुस्तक ‘फार सुंदर आहे हो’ म्हणून दिवसभर पुढे करत राहिलं की संध्याकाळी त्याच पुस्तकाचं तोंड बघावंसं वाटत नाही. ते उघडलं तर आपलं बोलणं खोटं ठरेल अशी धास्ती आतून असते. रात्री तुमच्या हातात पुस्तक धरवत नाही, त्यात दमणुकीचा वाटा आहेच. पण या धास्तीचा वाटा त्याहून मोठा आहे असं मला वाटतं.

म्हणून पहिलं काम सरांचं. ते पुढच्या वेळी दिसतील तेव्हा त्यांना हाक मारा, बसायला खुर्ची द्या आणि सांगून टाका: ‘सर, त्या दिवशी मी ‘ययाति’चं नाव घेतलं, पण मी ती पूर्ण वाचली नव्हती. आता वाचतोय.’ एवढं पुरे, लांबण लावू नका. शिक्षकी पेशात जन्म गेलेल्या माणसाने गृहपाठ न केलेली मुलं पुष्कळ पाहिलेली असतात. आपणहून येऊन सांगणारी फार थोडी. आणि मग खरोखरच वाचायला घ्या, कारण सरांनी फार मार्मिक प्रश्न विचारला आहे. त्या कादंबरीत आपली कहाणी सांगायची पाळी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाच मिळते. कच आपल्याला कळतो तो त्यांच्याच बोलण्यातून. ज्याला लेखकाने सगळ्यांत वर ठेवलं त्यालाच स्वतः बोलू का दिलं नाही, यावर तुमची आणि सरांची एक अख्खी दुपार जाईल.

वाचून ती आवडली नाही तर तेही सांगा. 1959 साली आलेली ही कादंबरी, तिच्यासाठी खांडेकरांना 1974चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीतला तो पहिला. हे सगळं खरं असलं तरी ती तुम्हाला आवडलीच पाहिजे असं नाही. मला विचाराल तर तरुणपणी मी ती भारल्यासारखी वाचली. आता तिच्यातली अलंकारिक भाषा आणि पानोपानी येणारी सुभाषितं मला जड जातात. तरीही मी ती विकते आणि आनंदाने विकते. ज्याला नात्यांवर, वासनेवर, संसारातल्या अतृप्तीवर विचार करायला लावणारी गोष्ट हवी असते आणि भरजरी भाषेचं वावडं नसतं, त्याला ती मी आवर्जून देते. ‘मला आवडतं’ आणि ‘तुम्हाला आवडेल’ ही दोन वाक्यं आपल्या धंद्यात सतत लागतात, आणि ती एकमेकांत मिसळू न देणं हे पुस्तकविक्रेत्याचं खरं कसब आहे. दुसरं वाक्य बोलायला पुस्तक स्वतःचं लाडकं असावं लागत नाही. समोरचा माणूस ओळखावा लागतो आणि पुस्तकाची जात माहीत असावी लागते.

ही जात कळायला सगळं पुस्तक वाचावं लागत नाही, आणि ते कुणाला शक्यही नाही. एका भिंतीवरची पुस्तकंसुद्धा कुणी पूर्ण वाचून मग विकायला ठेवत नाही. तुमच्या वडिलांनीही ठेवली नसतील. ते बहुधा उत्तम चाळत असणार. पार्सल फोडल्यावर चलनाशी प्रती ताडून बघतो तीच चाळण्याची वेळ. प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत बाजूला काढायची. मलपृष्ठावरची पाठराखण शेवटी वाचायची, कारण ती खपासाठीच लिहिलेली असते. आधी आवृत्तीचं पान बघा: पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रणं किती, मधे किती वर्षांची खोट पडली. मग अर्पणपत्रिका. मग लेखकाचं मनोगत, त्यात तो हे पुस्तक का लिहिलं ते बहुतेक वेळा स्वतःच सांगून जातो. अनुक्रमणिका. आणि मग मधलं कुठलंही एक पान उघडून ते आणि त्याच्या पुढचं अशी दोन पानं नीट, संथ वाचायची. पहिली पानं लेखकाने घासूनपुसून ठेवलेली असतात. मधल्या पानांवर त्याची चालण्या-बोलण्याची रीत कळते. एवढ्याने पुस्तक काय आहे हे सांगता येतं. ते चांगलं आहे असं मात्र सांगता येत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर बेधडक म्हणा: ‘चाळलंय, वाचलेलं नाही. विषय हा आहे, भाषा सोपी आहे, मधेमधे बोलीभाषा आहे.’ ‘वाचलेलं नाही’ असं विक्रेत्याने कबूल केल्यामुळे पुस्तक परत ठेवणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. उलट पुढे कधी तुम्ही ‘हे मी वाचलंय’ म्हणता तेव्हा त्या बोलण्याला वजन येतं.

एका पुस्तकाच्या बाबतीत मात्र तुम्ही चाळण्यात कसूर करू नका, कारण ते तुमच्याकडे वर्षभर खपत असेल. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1935 साली ते पुस्तकरूपाने आलं. गुरुजी 1950 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे 2011पासून ते कुणालाही छापता येतं. बाजारात आज त्याच्या कितीतरी आवृत्त्या आहेत आणि सगळ्या सारख्या नाहीत. दोन-तीन प्रती गल्ल्यावर शेजारी शेजारी उघडा. अनुक्रमणिकेत बेचाळीस रात्री आहेत का बघा. कमी भरल्या तर ती संक्षिप्त आहे, आणि तसं मुखपृष्ठावर छापलंय का तेही बघा. मग अक्षराचा आकार. नववी-दहावीच्या मुलाला चालेल ते अक्षर आजीला चालत नाही, आणि हे पुस्तक नातवाला वाचून दाखवायला म्हणून आजीच नेते. मग ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि जुळणीच्या चुका. एकाच परिच्छेदात तीन सापडल्या तर ती आवृत्ती परत पाठवा, तिच्यावर सवलत कितीही जास्त मिळत असो. गावात दुसरं दुकान नसतं तेव्हा गावातल्या मुलांनी कोणती प्रत वाचायची हे तुम्ही ठरवत असता. ही जबाबदारी मोठी आहे, आणि ती पार पाडायला अर्धा तास पुरतो.

आता स्वतःच्या वाचनाबद्दल. तुम्ही दुकानातली प्रत घरी नेऊन वाचायचा प्रयत्न करत असाल असा माझा अंदाज आहे. आपण सगळे तेच करतो, आणि तिथेच वाचन अडतं. विकायची प्रत म्हणून ती पुरती उघडायची नाही. पाठीवर घडी पडली की गिऱ्हाईक दुसरी मागतं आणि प्रकाशक परत घेत नाही. म्हणून दोन्ही अंगठ्यांनी पानं जेमतेम फाकवून, मान वाकडी करून, आतल्या समासातले शब्द अंदाजाने लावत वाचायचं. चहा लांब ठेवायचा. पेन्सिल लावायची नाही. आडवं पडून वाचायची सोय नाही. असं वाचणं म्हणजे मालाची राखण करणं झालं. त्यात रमायला होईल कसं? तेव्हा जे पुस्तक खरोखर वाचायचंय त्याचं स्वतःच्या नावाने बिल फाडा, गल्ल्यात पैसे टाका आणि पहिल्या पानावर आपलं नाव घाला. मग ते दुमडा, उशाशी ठेवा, शेतावर न्या. खरेदीच्या भावात घेतलंत तरी हरकत नाही, पण घ्या.

वेळेचं म्हणाल तर आपल्या धंद्याचं वर्ष बघून वाचनाचं वर्ष आखावं लागतं. जून-जुलैत शाळांची गर्दी असताना कादंबरी हातात धरू नका. तुटत तुटत वाचलेली कादंबरी मनातून उतरते आणि दोष पुस्तकाला जातो. त्या दिवसांत कविता, लघुनिबंध, एका बैठकीत संपणारी कथा. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ अशा वेळी हाताशी ठेवण्याजोगं आहे. महिन्यागणिक एकेक लेख, चालू महिन्याचा तेवढा वाचायचा आणि दुकानाबाहेरच्या झाडाकडे बघायचं. दिवाळीत अंक येतात. 1909 साली ‘मनोरंजन’च्या काशीनाथ मित्रांनी दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि आजही नवा लेखक पारखायची विक्रेत्याला त्याहून स्वस्त आणि चांगली सोय नाही. अंक विकता विकता दोन-चार अनोळखी नावं टिपून ठेवा. पुढे त्यांची पुस्तकं येतील तेव्हा तुम्ही त्यांना आधीच ओळखत असाल. मार्चअखेर ग्रंथालयांच्या खरेदीची धावपळ. एप्रिल-मे मात्र तुमचे. तेव्हा दुपारचं ऊन आणि अर्धं शटर, गिऱ्हाईक नाही. जाड पुस्तकं तेव्हा काढा. गल्ल्यावर बसून वाचण्यात संकोच बाळगू नका. फक्त कुणी पायरी चढलं की पुस्तक मिटून बाजूला ठेवा. आलेल्या माणसाला आपण व्यत्यय आणला असं वाटता कामा नये. काय वाचताय असं तो आपणहून विचारेलच.

कोणतं वाचायचं, यावर माझा एक आग्रह आहे. नवं, गाजलेलं, वर्तमानपत्रात परीक्षण आलेलं याच्यामागे धावू नका. ते तुमच्याशिवायही खपतं. तुमच्याच भिंतीवर खालच्या फळीला अशी पुस्तकं असतील की जी परतीच्या मुदतीत परत करायची राहून गेली आणि आता कुणी विचारत नाही. वडिलांच्या वेळची असतील, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यातलं काही कंटाळवाणं निघेल, ते अर्ध्यात सोडा. विक्रेत्याने पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे असं बंधन नाही. पण एखादं असं निघेल की वाटेल, हे इतकी वर्षं इथे पडून होतं आणि मला पत्ता नव्हता? ते धूळ पुसून गल्ल्यावर ठेवा. मालकाने मनापासून वाचलेलं पुस्तक खपतं, हे मी माझ्या दुकानात वारंवार पाहिलं आहे. त्याच्याबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलतो आणि तो समोरच्याला ऐकू येतो.

‘तुमचं आवडतं कोणतं?’ हे मलाही रोज कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे, कारण ते खरं आहे: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. 1934पासून ते भागाभागाने आलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेलं आत्मचरित्र. वडिलांचं सोवळं इतकं कडक की धुतल्याशिवाय वस्तू घरात यायची नाही. नवरा कवी, मनाचा मोठा, हातातले पैसे वाटेत दुसऱ्याला देऊन रिकामा घरी येणारा, न सांगता कुठेही निघून जाणारा. आणि 1895 साली तो ख्रिस्ती होतो. पुढची काही वर्षं ताटातूट, लोकांची बोलणी, मग हळूहळू तिचं स्वतःचं बदलत जाणं. जातीपातीचं सोवळं तिच्या मनातून कसं गळून पडलं ते ती सांगते, तेव्हा कुठेही उपदेशाचा सूर नाही. डोळ्यांत पाणी आणणारी हकिकत सांगताना ती मधेच अशी काही बोलते की आपण हसतो, आणि हसता हसता घशाशी आवंढा येतो. सोपं मराठी म्हणजे काय ते मला या पुस्तकाने शिकवलं. मी ते कुठूनही उघडते, दहा पानं वाचते आणि ठेवते. याच्याही संपूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही आवृत्त्या असतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला किंमत बघून संक्षिप्त द्यायचा मोह होतो. देऊ नका. संपूर्णच द्या.

हे माझं. तुमचं वेगळं असेल, आणि ते तुमच्या मातीजवळचं असेल तर फार चांगलं. रा. रं. बोराडे तुमच्याच लातूर जिल्ह्यातले. त्यांची ‘पाचोळा’ 1971 साली आली. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पार्वती सांगते, अथपासून इतिपर्यंत तिच्याच बोलीत. पुण्यात मी ती देते तेव्हा लोकांना पहिली काही पानं अडखळायला होतं. तुमच्या गिऱ्हाइकांना ती घरातल्या बोलण्यासारखी वाटेल. तुम्ही ती मोठ्याने वाचा, एकदा तरी. छापलेली बोली कानावर पडली की तिची लय कळते. जवळ ‘बनगरवाडी’ ठेवा. माडगूळकरांची 1955ची ही लहानशी कादंबरी: धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून आलेला तरुण पोरगा, वाडीने मिळून बांधलेली तालीम, आणि मग दुष्काळ. ‘खूप वर्षांत वाचलं नाही हो, काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या माणसाला मी हेच देते. दोन संध्याकाळांत संपतं, आणि एक पुस्तक पुरं केल्याचा आनंद त्याला पुन्हा दुकानात आणतो. दुष्काळ ज्यांनी भोगला आहे त्यांना शेवटची पानं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत.

गिऱ्हाईक ओळखायचं कसं, हेही तुम्ही विचारलंच आहे, वडिलांच्या आडून. ‘कसलं पुस्तक हवंय?’ असं विचारू नका. त्यावर माणूस गोंधळतो आणि ऐकलेलं एखादं नाव सांगतो. ‘शेवटचं कोणतं पुस्तक पूर्ण वाचलंत?’ असं विचारा. ‘मृत्युंजय’, असं उत्तर तुमच्याकडे फार वेळा येईल. 1967पासून मराठी घराघरांत किती माणसं या एका कादंबरीने वाचायला लागली! हे उत्तर ऐकून नाक मुरडणारे विक्रेते मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. ‘त्यातलं काय आवडलं?’ हा दुसरा प्रश्न लगेच विचारा. कर्णावरचा अन्याय आवडला म्हणणाऱ्याला ‘झोंबी’ द्या. शिकण्यासाठी धडपडणाऱ्या पोराची ती खरी कहाणी त्याला धरून ठेवेल. तेच प्रसंग कर्ण, कुंती, दुर्योधन अशा निरनिराळ्या तोंडून ऐकायला मजा आली म्हणणाऱ्याला ‘ययाति’ द्या, आता तुम्ही ती वाचलेली असेलच. जुना काळ आवडला म्हणणाऱ्याला विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ द्या. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेला आणि 1857च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. कल्पित कादंबरीतही असा थरार सहसा सापडत नाही. आणि कुणी नुसतंच ‘वेळ चांगला गेला’ म्हणालं तर तेही उत्तम उत्तर आहे, त्याला चिं. वि. जोशींच्या चिमणरावाशी गाठ घालून द्या.

दुकानात मदतीला कुणी मुलगा किंवा मुलगी असेल तर तिलाही वाचायला पुस्तकं द्या. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, जे आवडेल ते. तुम्ही जे कधी वाचणार नाही ते ती वाचेल आणि त्या आवडीच्या गिऱ्हाइकाशी तुमच्यापेक्षा खरं बोलेल. लहान मुलांच्या पुस्तकांचं तर मी सरळ सांगते, ती घरातल्या किंवा शेजारच्या मुलांना आधी द्या. कोणतं पुस्तक दुसऱ्यांदा मागतात तेवढं बघा. मोठ्यांचा अंदाज तिथे साफ चुकतो.

एक वही घाला, बिलबुकाच्या शेजारी राहील अशी. वाचून झालेल्या पुस्तकाचं नाव आणि खाली एकच ओळ: हे कुणाला द्यावं. परीक्षण लिहू नका, त्याने लिहिणं लांबत जातं आणि वही बंद पडते. ‘मुलगी सासरी गेलेल्या आईला.’ ‘एमपीएससीचा निकाल गेलेल्या मुलाला, पण लगेच नको.’ असं. वडिलांकडे अशी वही नसेल कदाचित, त्यांच्या डोक्यात असेल. तुमच्या पत्रात वडिलांचा उल्लेख ज्या तऱ्हेने येतो त्यावरून तुम्ही स्वतःला त्यांच्याशी रोज ताडून बघता असं दिसतं. त्यांना गावातली माणसं पिढ्यांनी माहीत होती आणि तेव्हा दुपारी मोबाइल वाजत नव्हता. शिवाय तुम्ही त्यांना पाहिलं ते धंद्यात मुरल्यावर. दुकानात नवा असताना कुठलाच विक्रेता तसा नसतो.

राहिली भिंत. घरच्यांचं म्हणणं धुडकावून लावू नका, त्यांना संसार चालवायचा आहे. झेरॉक्सचं मशीन घ्या, तालुक्याच्या गावी त्याला रोजचं काम मिळतं. फक्त ते दर्शनी बाजूला, गाइडांच्या रांगेत बसवा. कागद घेऊन येणाऱ्याला आतपर्यंत यायचं कारणही नसतं. भिंतीचा हिशेब मात्र आजपासून वेगळा लिहायला लागा. अवांतर पुस्तकांची खरेदी, विक्री, परत पाठवलेला माल, अडकलेली रक्कम, सगळं स्वतंत्र. शालेय मालाच्या हिशेबात ते मिसळलेलं असतं म्हणून भिंत तोट्यात आहे की नाही हे घरात कुणालाच नक्की माहीत नसतं. पुढच्या मार्चअखेर तो कागद घरच्यांपुढे ठेवा. शक्य तेवढी नवी पुस्तकं परतीच्या बोलीवरच मागवा आणि परतीच्या तारखा त्याच वहीच्या मागच्या पानावर टिपा. बहुतेक दुकानांचे पैसे अडकतात ते चुकीच्या निवडीपेक्षा चुकलेल्या तारखांमुळे. भिंत मोठी वाटत असेल तर निम्मी करा. पण डोळ्यांच्या उंचीची एक फळी फक्त तुम्ही वाचलेल्या पुस्तकांची ठेवा. सुरुवातीला तिथे दोनच असली तरी चालतील. ती भरायला न वाचलेलं एकही त्यात घालू नका. सरांना ती फळी दाखवा आणि त्यांच्याकडूनही एक नाव मागून घ्या.

ते कोणतं नाव देतात ते मला कळवा. माझ्या दुकानात ते पुस्तक नसेल तर मी मागवीन.